केळीच्या बागेचं जंगल होतं, धाब्यावर कौलं येतात: सिम्युलेटरमध्ये आपला खान्देश खरा कसा दिसेल?

रिवाइंडिंगवाला, सावदा

राम राम मंडळी.

माझं सावद्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, स्टार्टर, केबल, हेच आयुष्य. मुलाच्या अभ्यासासाठी चांगला कॉम्प्युटर घेतला होता. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेला, म्हणून कॉम्प्युटर दुकानाच्या माडीवर माझ्याकडे राहिला. तेव्हापासून रात्री दुकान वाढवलं की तासभर फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, विमान उडवतो. लहानपणी ओट्यावर झोपून आकाशातले दिवे मोजायचो. ती हौस पन्नाशीत पुरी होते आहे.

प्रश्न माझ्यापेक्षा आप्पांचा जास्त आहे. माझे वडील 81 वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे गेले, त्यामुळे दोन वर्षं शेतात जाता आलेलं नाही. पन्नास वर्षं रोज पहाटे ज्या बागेत गेले, ती आता माझ्या मोबाइलमधल्या फोटोत बघतात. मला वाटलं, त्यांना वरून दाखवू. एका रविवारी खुर्ची लावली, जळगावच्या धावपट्टीवरून छोटं सेसना 172 विमान उचललं आणि भुसावळच्या बाजूने तापी ओलांडून घरावर आणलं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आपलं नाही रे. एवढी उच्ची केयी राह्यते का कुठी?"

त्यांचं खरं होतं. हा सिम्युलेटर उपग्रहाच्या फोटोवरून जग उभं करतो. जिथे गर्द हिरवं दिसेल तिथे झाडं लावतो. फैजपूरपासून रावेरपर्यंत आपल्याकडे गर्द हिरवं म्हणजे केळी, पण यंत्राने तिथे चाळीस-पन्नास फुटी झाडांचं रान उभं केलं होतं. गावात गेलो तर जुन्या गल्लीतल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट छताच्या, घरांवर उतरती कौलारू छपरं. आमच्या घरावर उन्हाळ्यात पापड, कुरडया वाळत घालतात, आम्ही झोपतो. त्या घराला कोकणातल्यासारखं छप्पर पाहून आप्पांना आपली गल्लीसुद्धा ओळखता आली नाही.

सगळ्यात जास्त दीपनगरचं लागलं. औष्णिक केंद्राची धुराडी आम्हाला कुठूनही दिसतात, दिशा चुकली की आधी तीच शोधतो. सिम्युलेटरमध्ये जमिनीवर त्यांची लांबच्या लांब सावली पडलेली आहे, कारण ती फोटोत आहे. धुराडं मात्र नाही. नुसती सावली.

यावर उपाय म्हणून एका ऑनलाइन दुकानातून पैसे देऊन भारताची सिनरी, म्हणजे सिम्युलेटरमध्ये दिसणारा मुलूख, घेतली. मुंबई-दिल्ली ठीक आहेत. जळगावच्या विमानतळाला मात्र चार मजली काचेची इमारत दिली होती. पैसे गेले, त्याचं एवढं नाही. ज्याने केलं त्याने जळगाव कधी पाहिलं नसणार, याचं वाईट वाटलं.

तर विचारायचं असं. आपल्या भागाची तयार सिनरी कोणी केली आहे का? नसेल तर मी स्वतः शिकून करू शकतो का? इंग्रजी वाचून समजतं, प्रोग्रॅमिंग येत नाही. हात मात्र बारीक कामाला बसलेला आहे, बारीक गेजच्या तारेचे वेढे रोज मोजतो. मशीनला 16 जीबी रॅम, 6 जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि अर्धा टीबी जागा मोकळी आहे. एक्स-प्लेन 12 हे दुसरं सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर पण घेऊन ठेवलं आहे, अजून नीट उघडलं नाही. नेट संध्याकाळी फार मंद होतं, आणि लाइटचं तुम्हाला माहीतच आहे.

पांझराकाठ, धुळे

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझं बालपण गोंदूरच्या धावपट्टीजवळ गेलं. शिकाऊ पायलटांची विमानं रोज डोक्यावरून जायची, म्हणून मलाही हे वेड आहे. तीन वर्षं मी एक्स-प्लेनवर धुळ्याचीच सिनरी करते आहे. अजून पुरी झालेली नाही.

तुमचं नेट मंद असेल तर एक्स-प्लेन उघडाच. नेटवरून चित्रं ओढणाऱ्या सिम्युलेटरला उडताना सतत पुरवठा लागतो. पुरवठा तुटला की खाली पुसट रंग उरतो. एक्स-प्लेनमध्ये तुम्ही फोटो आधीच उतरवून डिस्कवर ठेवता. त्यासाठी ऑर्थोफोरएक्सपी नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, ऑस्कर पिलोत या माणसाने केलेला. तो एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश एवढ्या चौकोनाची टाइल बनवतो: आधी रस्ते-नद्यांचा नकाशा जमवतो, मग जमिनीचे चढउतार त्रिकोणांनी विणतो, मग पाणी कुठे आहे ते दाखवणारे मुखवटे (मास्क) काढतो, शेवटी फोटो चिकटवतो. चार बटणं आहेत, त्याच क्रमाने दाबायची.

आता आपल्याकडची गंमत ऐका. 21 अक्षांशाची रेघ जळगाव शहराला खेटून जाते. शहराचा मध्य रेघेच्या किंचित वर आणि विमानतळ खाली. म्हणजे नुसत्या जळगावसाठीच दोन टाइल लागतात, 20-75 आणि 21-75 (आधी अक्षांश, मग रेखांश). भुसावळ, यावल, फैजपूर, सावदा हे सगळं 21-75 मध्ये येतं. तुम्ही या दोन टाइलपासून सुरुवात करा. धुळं 20-74 मध्ये, शिरपूर-नंदुरबार-तोरणमाळ 21-74 मध्ये. ते नंतर बघू.

कोणत्या झूम पातळीचे फोटो घ्यायचे, इथे बहुतेकांची डिस्क भरते. आपल्या अक्षांशावर पातळी 16 म्हणजे फोटोतला एक ठिपका जमिनीवर सव्वादोन मीटर, 17 म्हणजे सुमारे 1.1 मीटर, 18 म्हणजे अर्ध्या मीटरच्या जरा वर. एक टाइल साधारण 111 गुणिले 104 किलोमीटर असते. हिशोब केला तर 16 ला दीड-दोन जीबी, 17 ला सहा-सात आणि 18 ला पंचवीसच्या पुढे. दर पायरीला चौपट. सगळीकडे 17 ठेवा. प्रोग्रॅममध्ये नकाशावर रेघ मारून ठराविक भागाची पातळी वाढवता येते. तिथे सावदा-फैजपूर आणि तुमच्या शेताभोवती 18 घ्या. अख्खी टाइल 18 ला लावू नका, मी लावली होती आणि तिसऱ्या दिवशी डिस्क भरून काम थांबलं.

टाइल बनवण्याआधी फोटोचा स्रोत नक्की बघा. एकाच गावाचा एका स्रोतात पावसाळ्यानंतरचा फोटो असतो, दुसऱ्यात एप्रिलमधला. तुमच्याकडे उन्हाळ्यातला घ्या असं मी म्हणेन. तेव्हा कपाशीची काळी रानं उघडी पडलेली असतात आणि केळी तेवढी हिरवी राहते. वरून बघताना सावदा-रावेर पट्टा असा ओळखूच येतो. पावसानंतर सगळंच हिरवं, मग खान्देश आणि दुसरा मुलूख यात फरक काय राहिला?

फायलींचा क्रम चुकवू नका. कस्टम सिनरी फोल्डरमधल्या यादीत विमानतळ सगळ्यात वर, त्याखाली घरं-रस्त्यांचं ओव्हरले, म्हणजे जमिनीवरचा थर, फोटोच्या टाइल सगळ्यात खाली. यादी वरून खाली वाचली जाते. टाइल वर गेली तर तुम्ही बनवलेलं सगळं तिच्याखाली दडतं आणि आपण रात्रभर चूक शोधत बसतो. टाइलच्या नावात सुरुवातीला झेड असतो, तो ती यादीत तळाला जावी म्हणूनच.

एक गोष्ट मात्र होणार नाही, तिची आशा धरू नका. तापीकाठच्या घळी. सिम्युलेटरमधल्या जमिनीच्या उंचीचा मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवस रडार फिरवून केलेलं मोजमाप. त्यात साधारण 30 मीटरला एक उंची मिळते. सातपुडा त्यात उत्तम येतो. पण काठावरच्या घळी कित्येक ठिकाणी त्याहून अरुंद आहेत, त्या दोन मोजमापांच्या मधे हरवतात. जमिनीच्या जाळीचे (मेशचे) त्रिकोण कितीही वाढवले तरी जे मोजलंच नाही ते येत नाही. पांझरेच्या काठासाठी मी हा खटाटोप सहा महिने केला.

बोरीकाठ, अमळनेर

भाऊ, तुन्हा प्रश्न वाचीसन बरं वाटनं. आप्पास्ले मन्हा राम राम सांगजो.

ताईंनी जमिनीचं सांगितलं, मी तिच्यावर उभं काय करायचं ते सांगतो. ऑर्थो, म्हणजे फोटोच्या, टाइलवर केळी म्हणजे नुसता हिरवा गालिचा दिसेल. 3000 फुटांवरून छान, पण 500 फुटांवर आलात की जमिनीवर सतरंजी अंथरल्यासारखं. त्यासाठी वर्ल्डएडिटर वापरा. एक्स-प्लेन बनवणाऱ्या लामिनार रिसर्चचाच आहे आणि मोफत आहे. त्यात फोटो खाली ठेवून वरून बागेच्या बांधाबांधाने बहुभुज काढायचा आणि त्याला फॉरेस्टची फाइल जोडायची. ही फाइल साधी मजकुराची असते, प्रोग्रॅमिंग नाही. झाडाचं चित्र कोणतं, दोन झाडांत अंतर किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची किती, एवढंच लिहिलेलं असतं. उंची 2 ते 3.5 मीटर ठेवा. ज्या बागेत नुकती लागवड आहे तिला वेगळी फाइल करा.

अंतराच्या बाबतीत शेतकऱ्याचा हात आवरा. तुम्ही दीड-दीड मीटर लिहाल, कारण लागवड तशीच असते. पण दीड बाय दीडने हेक्टरी 4444 झाडं होतात. पन्नास हेक्टर काढलं की सव्वादोन लाख, आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड बसेल. पाच-सहा मीटर अंतर ठेवा आणि एका चित्रात तीन-चार खोडांचा झुपका घ्या. वरून फरक कळत नाही. शिवाय फोटोत जिथे हिरवं आहे तिथेच लावा. तपकिरी जमिनीवर केळी उभी केली की पानांच्या फटीतून खालची उघडी माती दिसते आणि डोळा फसत नाही.

कौलारू घरांवर उपाय सोपा आहे. वर्ल्डएडिटरमध्ये वगळण्याचा चौकोन असतो, तो गावठाणावर टाकला की यंत्राची घरं जातात. मग तुम्ही सपाट छताची घरं ठेवा. सगळं गाव करत बसू नका, तुमची गल्ली, बाजारपेठ, देऊळ, मशीद, शाळा आणि पाण्याची टाकी पुरे. गावाला वरून ओळखण्यासाठी पाण्याच्या टाकीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

दीपनगरच्या धुराड्याची सावली आहे म्हणता, मग तीच कामाला लावा. सावली जिथून सुरू होते तिथेच धुराड्याचा पाया. एक्स-प्लेनच्या लायब्ररीत, म्हणजे वस्तूंच्या साठ्यात, तयार धुराडी आहेत, मापाचं निवडून पायावर ठेवा.

विमानतळ करण्याआधी सिनरी गेटवे या वेबसाइटवर बघा. जगभरचे लोक तिथे विमानतळ बनवून टाकतात, त्यातले निवडलेले एक्स-प्लेनच्या अपडेटमध्येच येतात. जळगावची धावपट्टी 09-27, पूर्व-पश्चिम आहे. आधीच कोणी केला असेल तर त्यात फक्त दुरुस्ती करा. आणि इमारत जेवढी आहे तेवढीच काढा. एटीआर 72 हे छोटं प्रवासी विमान उभं राहतं तो अॅप्रन, आटोपशीर टर्मिनल, बाजूला उघडं रान. 2012 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना उद्घाटन झालं, ते आठवून कोणी राजवाडा काढू नये.

सोनगीर, मुक्काम नंदुरबार

दोनच गोष्टी. ऑर्थो टाइल स्वतः वापरा, पण कोणाला कॉपी करून देऊ नका आणि कुठे चढवू नका, फोटो ज्यांचे आहेत त्यांचा हक्क असतो. वर्ल्डएडिटरमध्ये हाताने काढलेल्या बागा, घरं, टाकी हे तुमचं आहे, ते जरूर वाटा. आम्ही वाट बघू.

दुसरं, हवामान. सिम्युलेटर उघडला की सगळे स्वच्छ निळं आकाश लावतात आणि जळगाववरून सातपुडा कोरल्यासारखा दिसतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तसा दिसतो का? धुळीने डोंगर पुसून टाकलेला असतो. दृश्यता सात-आठ किलोमीटरवर आणा, तापमान 43 ठेवा. विमान उचलायला किती जास्त धावपट्टी खातं तेही बघा, गरम हवा विरळ असते. माझ्या मते निम्मी सिनरी हवेतच असते. साक्रीकडे आलात तर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या मी उभ्या केल्या आहेत, फाइल देतो.

रिवाइंडिंगवाला, सावदा

मंडळी, उशीर झाला. तुम्ही सांगितलं तसं करत गेलो. आज सतरावा दिवस.

दोन टाइलना चार रात्री लागल्या. मधे दोनदा लाइट गेली, पण उतरलेले फोटो तसेच राहतात आणि पुढून चालू करता येतं, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. पहिल्यांदा सगळं काळंनिळं दिसलं. ताई, तुम्ही म्हणालात तीच चूक, क्रम. यादी सरळ केली आणि तापी दिसली.

केळीच्या 64 बागा काढल्या. मोटारीच्या निमित्ताने ज्या ज्या शिवारात गेलो, त्या आधी. बहुभुज काढताना कोणाची विहीर कुठे, कोणाचा डीपी कुठे, हे हाताला आपोआप आठवत होतं. झुपक्याची युक्ती बरोबर आहे भाऊ, कार्ड गरमसुद्धा होत नाही. धुराडी सावली सुरू होते तिथे बसवली. तो एक दिवस मी दुकान उशिरा उघडलं, हे इथेच सांगतो.

अडचण आमच्याच शेतावर आली. आमचा दोन एकरांचा तुकडा फोटोत तपकिरी आहे. आजूबाजूला हिरवं आणि मधे आमचं रान उघडं. मला वाटलं स्रोत बदलावा. आप्पांना दाखवलं तर त्यांनी लगेच ओळखलं. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता त्या वर्षी आम्ही तीन महिन्यांची बाग उपटून बांधावर टाकली होती. त्यानंतरचा हा फोटो. बांधाला काळपट ढीगही दिसतो. मी तो फोटो पन्नास वेळा मोठा करून पाहिला होता, मला ढीग कळला नव्हता.

विचारलं, असंच ठेवू का? जे होतं ते होतं.

म्हणाले, "लाव."

मग त्या दोन एकरांसाठी वेगळी फाइल केली. तुम्ही नको म्हणालात तरी पाच बाय पाच फुटांनी लावली, साडेतीन हजार खोडं. आप्पांना कमी चालली नसती. खालची माती फटीतून दिसते खरी, पण ठिबकच्या नळ्या टाकलेल्या नव्या बागेत ती दिसतेच.

काल संध्याकाळी पुन्हा खुर्ची लावली. सात किलोमीटर दृश्यता, 43 अंश. 09 वरून उचललं, महामार्ग धरून नशिराबाद, मग भुसावळचं यार्ड. आप्पा पुढे सरकून बसले. खंडव्याच्या लाइनीचा तापीवरचा पूल त्यांनी माझ्याआधी पाहिला. धुळीत उजवीकडे धुराडी दिसली तेव्हा बोट दाखवलं, बोलले नाहीत. पुढे मी नकाशा बघत होतो तर म्हणाले, नकाशा ठेव, मी सांगतो. आणि राजदूतवर मागे बसून सांगायचे तसं सांगत गेले: पाण्याची टाकी डाव्या हाताला ठेव, फैजपूरचा रस्ता आला, आता नाल्याच्या कडेने, दोन आंबे दिसले की थांब.

विमान थांबत नाही, म्हणून शेतावर घिरट्या घातल्या. अकरा मोजल्या. पाचव्या घिरटीला विचारलं, "विहीर कुठे रे?" विहीर राहिली होती. आज दुपारी ती काढली, थारोळ्यासकट.

मग म्हणाले, रावेरला चल. आईचं माहेर रावेर. लग्नाआधी एकदा सावद्याहून सायकलीने गेले होते, ते सांगू लागले. मी नाक पूर्वेला वळवलं. केळी, नाले, आमच्या ओळखीचे रस्ते, आणि मग 76 रेखांशावर सगळं एका सरळ रेघेत संपलं. अलीकडे बागा, पलीकडे एक्स-प्लेनची मूळची, कोणाचीच नसलेली शेतं. रावेर त्या रेघेच्या जेमतेम पलीकडे आहे. आप्पांना टाइल म्हणजे काय ते समजावलं. म्हणाले, मग ते पण कर.

21-76 काल रात्रीच लावली आहे. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरचा वरचा भागही त्यातच येतो. आत्ता तिसऱ्या टप्प्यावर आहे. ताई, बॅकवॉटर फोटोतलं ठेवू की एक्स-प्लेनचं पाणी भरू? फोटोत पाणी बरंच उतरलेलं आहे आणि काठाला गाळपेर दिसते. तेवढं सांगा, मी जागाच आहे.